दामले सरांचा पेपर वाचायचा वर्ग

त्या कोर्सचं सर्टिफिकेट मी कुठे ठेवलंय, देव जाणे. दोनदा घर बदललं, एकदा कपाटाला वाळवी लागली. पण त्या वर्गातला किस्सा मात्र एकही हरवला नाही, उलट किस्से वाढलेच! एक सांगायला घ्यावा तर त्याच्या पाठोपाठ दुसरा येऊन उभा राहतो आणि समोरच्याचा चहा गार होतो. आज तुमचा होणार आहे, आधीच सांगते.

साल साधारण शहाण्णव. मी रोह्याची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. पेणच्या एका वाचनालयात दर रविवारी सकाळी 'प्रसारमाध्यमे : ओळख आणि आकलन' नावाचा कोर्स सुरू झाला. हल्ली याला मीडिया लिटरसी म्हणतात. आम्ही सरळ 'पेपर वाचायचा वर्ग' म्हणायचो. एसटीच्या कंडक्टरने मला विचारलंसुद्धा, "पेपर वाचायला क्लास लागतो? मग आम्ही इतकी वर्षं काय करतोय?"

शिकवायला दामले सर. मुंबईच्या एका दैनिकात आयुष्यभर उपसंपादक होते, रिटायर होऊन पेणला आलेले. दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात हयात गेल्यामुळे स्वतःचं बोलणंही कापूनच बोलायचे. पहिल्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "का आलात? एकेका वाक्यात सांगा."

मी म्हटलं, "वडिलांनी पाठवलं. बँकेच्या परीक्षेला जनरल नॉलेज होईल म्हणून."

डोलवीचा नीलेश कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. तो म्हणाला, "संडेला घरी बसलो तर म्हशी धुवायला लागतात सर."

खिडकीजवळ डॅनियलकाका बसले होते. पेणजवळच्या गावातल्या, पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातले. भाऊबंद सगळे इस्रायलला गेले, हे इथेच राहिले. सरांनी विचारलं, "आपण का आलात?"

"मी कुठे आलो? मी रोज सकाळी हितंच बसून पेपर वाचतो. तुम्ही आलात!"

आम्ही सगळे हसलो. मग शेवटच्या बाकावरची मंदा उभी राहिली. खाडीकाठच्या गावातली मुलगी, माझ्याच वयाची. ती हसली नव्हती.

"सर, माझ्या बाबांच्या फोटोखाली पेपरवाले खोटं लिवतात. ते कसं थांबवायचं ते शिकायला आले."

सरांनी तिला बसायची खूण केली. मग म्हणाले, "आधी वाचायला शिकू. मग भांडू." मंदा खाली बसली आणि वहीवर तारीख घालून तयार झाली.

*

पहिला गृहपाठ असा होता की घरी जो पेपर येतो त्यात, घडलेल्या गोष्टीखाली निळी पेन्सिल आणि लिहिणाऱ्याच्या मताखाली लाल पेन्सिल मारायची.

आमच्या घरी वडिलांचा पेपर म्हणजे सोवळ्यातली वस्तू. त्यांचा वाचून होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मी तो दुपारी घेतला आणि संध्याकाळी परत जागेवर ठेवला. त्यांनी रात्री पुन्हा उघडला. पहिलं पान लाल, अग्रलेख तर लालभडक. हवामानाच्या चौकटीखाली तेवढी निळी रेघ होती.

"हे काय केलंस?"

"बाबा, लाल म्हणजे मत. निळं म्हणजे घडलेलं."

ते चष्मा पुसून बराच वेळ वाचत बसले. शेवटी निळी रेघ पाहून म्हणाले, "आणि ह्यांनी काल पाऊस सांगितला होता, तोही पडला नाही!"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे कोरा कागद घेतला असता तरी चाललं असतं." वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच लाल पेन्सिल मागितली. ज्या माणसाने उभा जन्म छापील अक्षरावर विश्वास ठेवला, त्याच्या हातात मी लाल पेन्सिल दिली, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं. आज थोडी हळहळही वाटते. ते त्यानंतर कधी पेपर नुसता वाचू शकले नाहीत.

*

डॅनियलकाकांचा किस्सा तर पेणमध्ये अजून सांगतात.

एका मोठ्या पेपरचा बातमीदार फोटोग्राफरला घेऊन त्यांच्या गावी आला. काकांना बंद घरांच्या आळीत उभं केलं. काकांचा स्वभाव हसरा. फोटोग्राफर म्हणाला, "काका, हसू नका. लांब बघा." काकांनी विचारलं, "लांब काय हाय?" तो म्हणाला, "काही नाही, नुसतं बघा." काका बिचारे लांब बघत राहिले, आणि तिकडून म्हाद्याची म्हैस येत होती तिच्याकडे बघून त्यांना पुन्हा हसू आलं!

शेवटी एक फोटो मनासारखा मिळाला. पुढच्या रविवारी पेपरात अर्धं पान. वर मथळा होता 'गावातला शेवटचा ज्यू'.

काकांनी तो घरी काकूंना वाचून दाखवला. काकू चुलीवर भाकऱ्या टाकत होत्या. बातमीदाराला सरबत देऊन, त्याची सरबराई करून त्या दमल्या होत्या. त्यांनी तवा उतरवला आणि विचारलं, "मग मी कोन हाय?"

काकांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा नीलेश बाकावरून पडायचा राहिला. सर मात्र हसता हसता थांबले. म्हणाले, "लिहून घ्या. फोटो बघताना पहिला प्रश्न, कॅमेरा कुठे उभा होता? दुसरा, त्याच्या मागे कोण होतं?"

मंदाने हात वर केला. "सर, मग आता बाबांचा फोटो वर्गात वाचायला घ्यायचा का?"

"अजून नाही," सर म्हणाले. "तुझा राग अजून तुझ्यापुढे चालतोय."

मंदाला ते आवडलं नाही. मलाही आवडलं नव्हतं. पण खरं होतं.

*

एकदा सरांनी एक बातमी फळ्यावर लिहिली. परिसरात नवा कारखाना येणार, स्थानिकांना रोजगार मिळणार, वगैरे. विचारलं, "या बातमीत सगळ्यात जास्त काम कोणता शब्द करतोय?"

कोणी म्हणालं 'कारखाना', मी म्हटलं 'स्थानिक'.

नीलेश नाइट शिफ्ट करून आलेला, डोळे तांबारलेले. बसूनच बोलला, "सर, 'मिळणार'! मी शाळेत होतो तेव्हापास्नं तो डोलवीत रोज ड्युटीवर हाय. आता त्याला तरी परमनंट करा!"

सरांनी खडू ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. नीलेशसाठी पहिल्यांदा कोणी टाळ्या वाजवत होतं बहुतेक, कारण तो एकदम लाजला. नंतर चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "हसले सगळे. पन माझा कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतोय." मग चहाचे पैसे त्यानेच दिले आणि मला देऊ दिले नाहीत.

*

बातमी कशी प्रवास करते, हे शिकवायला सरांनी एक प्रयोग केला. खोटं काही पसरवायचं नाही, ही अट. म्हणाले, "मी दाढी ठेवायचं ठरवलंय. हे खरं आहे. तुम्ही घरी जाताना एकेका माणसाला सांगा आणि पुढच्या रविवारी काय परत येतं ते आणा."

मी एसटीत शेजारच्या बाईंना सांगितलं. त्या गडबला उतरल्या. नीलेशने कंपनीच्या गेटवर सांगितलं. डॅनियलकाकांनी न्हाव्याला सांगितलं, हा तर शुद्ध अन्याय होता.

आठवड्यात काय झालं ऐका. गडबच्या दुकानात सरांना त्वचारोग झाला होता. नागोठण्यात त्यांनी नवस बोलला होता. निडीच्या स्टेशनवर माझ्या मावसभावाला एकाने सांगितलं की पेणचे कोणी दामले घरदार सोडून हिमालयात निघाले. आणि मी काही बोलायच्या आधी ही बातमी रोह्याला आमच्या घरी पोचली होती! आई म्हणाली, "अगं, तुझ्या सरांनी संन्यास घेतला म्हणे. आता कोर्सची फी परत देतील का?"

पुढच्या रविवारी वर्ग सुरू असताना दार ढकलून दामलेकाकू आत आल्या. हातात कापडी पिशवी. सगळ्या वर्गासमोर ती पिशवी सरांच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हिमालयात जायच्या आधी भाजी आणून टाका. दोन माणसांची."

सरांनी त्याच दुपारी दाढी केली. वर्गात सगळ्यात जास्त मनापासून त्या दिवशी हसली ती मंदा. पण निघताना माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आली आणि म्हणाली, "दाढी तरी पुन्हा करता येते गो. माझे बाबा आता येऊन सांगनार नाय, मी हात कशाला वर केले होते ते."

तिने मला आणखी काही सांगायच्या आधीच तिची एसटी लागली.

*

तो ऑगस्टमधला रविवार होता. मंदा आली ती हातात त्या आठवड्याचा पेपर घेऊन. जिल्ह्यातला एक छोटासा पेपर, नाव घेत नाही. तिने तो टेबलावर पसरला. "सर, परत छापला. आज घ्यायलाच लागेल."

फोटोत छातीभर पाण्यात काही माणसं एका रांगेत उभी होती, सगळ्यांचे हात वर. खाली लिहिलं होतं, 'खाडीकाठी हाहाकार : मदतीसाठी हात उंचावलेले असहाय पूरग्रस्त'.

"हे बाबा," मंदाने मधल्या माणसावर बोट ठेवलं.

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी उधाणाला त्यांच्या गावचा बांध फुटला होता. खाडीचं खारं पाणी शेतात शिरलं की जमीन कैक वर्षं पिकत नाही. म्हणून अशा वेळी गावात जोळ असते, म्हणजे घरटी एक माणूस बांधावर जायलाच हवा. पाण्यात रांग धरायची. बाहेरचे ओल्या मातीचे मोठे गोळे फेकतात, ते आतल्यांनी हात वर करून झेलायचे आणि फुटलेल्या जागी दाबायचे. भरती चढत असते आणि थांबता येत नाही.

"त्यांनी बांध बांधला सर. गावचं भात राखलं. आनी हे लिवतात असहाय."

सर फोटोवर वाकले. मग फोटोच्या डाव्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "इथे कापलाय. इकडे काय होतं?"

"माझा काका. तो गोळे फेकत होता."

"दोन कॉलमात बसवायला कापला असणार," सर म्हणाले आणि खुर्चीत बसले. कोणाकडेही न बघता पुढे म्हणाले, "मीही असे कापलेत. कितीतरी."

डॅनियलकाकांनी हळूच विचारलं, "बाबांनी बघितला होता का गो हा फोटू?"

"पहिल्यांदा छापला तेव्हा होते ते. वाचलं नि गप झाले. आईला वाचता येत नाय. तिला एवढंच बोलले, गावानं बांध राखला म्हनून आपला फोटो छापलाय. त्याच थंडीत काविळीनं गेले. त्यांचा दुसरा फोटो नाय आमच्याकडे. मी पन आईला काय बोलले नाय." तिने पेपराची घडी घातली. "तिला कळायच्या आधी मला हे खोटं पुसायचंय."

आता ते फक्त मंदाचं काम राहिलं नाही. आमच्या सगळ्यांचं झालं.

*

त्या पेपरच्या पेणच्या वार्ताहराला सरांनी वर्गात पाहुणे म्हणून बोलावलं. भाऊ म्हात्रे. बातम्याही तेच देणार, जाहिरातीही तेच गोळा करणार, पेपरही तेच वाटणार. गरीब माणूस, घाबरतच आला.

"फोटो मीच काढला," ते म्हणाले. "पूर्ण काढला होता. कापला वरच्यांनी. खालची ओळ पण वरच्यांनी. मी लिवलं होतं, बांध बांधताना ग्रामस्थ."

"मग दर पावसाळ्यात तोच का येतो?" मी विचारलं.

"पावसात पुराचा फोटो लागतो ना!"

"मग नवा काढा की!"

भाऊंनी कपाळावर हात मारला. "कशानं काढू? तोच काढताना कॅमेरा पान्यात पडला! अजून दुरुस्त करून दिला नाय त्यांनी!"

हसावं की रडावं, कळेना. पण भाऊंनीच पत्र कोणाच्या नावे पाठवायचं ते सांगितलं, आणि आपलं नाव त्यात घालू नका म्हणाले. पत्र सरांनी चारदा कापलं. शेवटी त्यात मंदाच्या दोनच गोष्टी राहिल्या. फोटो जुना आहे, आणि ही माणसं मदत मागत नव्हती, बांध बांधत होती. खाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्या वडिलांनीही रोह्याहून सही पाठवली, लाल पेन्सिलने.

गणपती झाल्यावर पेपरात शेवटच्या पानावर खुलासा आला. नजरचुकीने जुने छायाचित्र पुन्हा प्रसिद्ध झाले, त्याबद्दल दिलगिरी. हे छायाचित्र यापुढे प्रसिद्ध केले जाणार नाही.

नीलेशने बाकावर उभं राहून आरोळी ठोकली. सगळ्यांना वडे दिले. त्याचा कॉन्ट्रॅक्ट तेव्हा संपलेला होता, तरी दिले. छापील पानाला आम्ही पाच-पंचवीस जणांनी हलवलं होतं, आणि त्या वयात त्याची जी नशा असते ती मी अजून विसरले नाही.

मंदाने खुलासा दोनदा वाचला. "बाबा काय करत होते, ते नाय छापलं."

"एवढं केलं हेच खूप," सर म्हणाले.

"खोटं तरी थांबलं," मंदा म्हणाली, आणि मग तीही हसली.

*

कोर्स संपला मार्चमध्ये, सर्टिफिकेटं मिळाली जुलैमध्ये! कारण मुख्य पाहुणे. पहिल्यांदा पाहुण्यांना सभा निघाली, दुसऱ्यांदा लग्न निघालं, तिसऱ्यांदा पाहुणेच बदलले आणि नव्या पाहुण्यांना आमचं वाचनालय सापडेना. शेवटी पावसाळा लागून महिना झाल्यावर सर चिडले आणि डॅनियलकाकांना खुर्चीत बसवलं. "तुम्ही रोज इथे असताच. तुम्हीच पाहुणे."

काकांनी सगळ्यांना सर्टिफिकेटं दिली. स्वतःचं नाव पुकारलं गेल्यावर उजव्या हाताने दिलं, डाव्या हाताने घेतलं, आणि स्वतःला नमस्कार केला. डॅनियलकाकूंनी सगळ्यात पुढे बसून टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबत होत्या तेव्हा दारात मंदाची आई उभी होती. अंगावर साधं नऊवारी लुगडं, पदर भिजलेला, हातात तांदळाच्या पापडांची पिशवी. मंदा चकित झाली. "आये, तू कशी आलीस?"

"सरांशी काम हाय माझं," ती म्हणाली आणि सरळ टेबलापाशी गेली. पापड ठेवले. "सर, तुमी पेपरवाल्यांच्या वळखीतले ना?"

"होतो पूर्वी. बसा ना ताई."

ती बसली नाही. "आमचे ह्ये गेले, त्याच्यानंतर दोन पावसाळे पेपरात त्यांचा फोटू आला. हात वर केलेला. त्यांनी बांध राखला म्हनून छापायचे. वानी माझ्यासाठी पेपर बाजूला काढून ठेवायचा. मी दिवा लावायचे त्याच्याम्होरं. यंदा इतका पाऊस झाला, पन फोटू नाय आला. वानी म्हनतो, आता परत येनार पन नाय."

नीलेशने मान खाली घातली. मी भिंतीकडे बघायला लागले.

"आये, चल घरी," मंदा म्हणाली.

"थांब गो. शिकलेली मानसं हायत, त्यांना विचारू दे." तिने पदर सावरला आणि सरांकडे बघून अगदी हळू म्हणाली, "फोटू नका छापू म्हनावं, चालंल. पन आमचं काय चुकलं, तेवढं त्यांना विचाराल का?"